मुक्ताबाईंच्या पेशी

यकृताच्या आणि पित्तनलिकेच्या कर्करोगावर संशोधन करणारी डॉ. शलाका तनपुरे रविवारीही घरी टिकत नसे. याच कर्करोगाच्या एक रुग्ण, मुक्ताबाई, वारल्या होत्या, पण त्यांच्या संमतीनं घेतलेल्या गाठीतल्या पेशी तिच्या नगरच्या प्रयोगशाळेत वाढत होत्या. त्या पेशींना सुट्टीच्या दिवशीही वेळेवर खाद्य लागे.

एकदा कर्जतहून मुक्ताबाईंचे पती सहादेव आले. सूक्ष्मदर्शकातून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“यांनीच तिला नेलं, आन् तुमी यांना जगवताय व्हय, डॉक्टरबाई?”

“यांच्यावरच औषधं करून बघते, काका. अजून एकही लागू पडलं नाही.”

“मंग बगा. पर लवकर बगा,” म्हणून ते एसटी गाठायला निघाले.

शलाकाला खुर्चीत बसवेना. तिनं लगेच नवं औषध पेशींवर सोडलं. तेही वाया गेलं. मग तिनं पुढचं काढलं.