गायकवाड मॅडम आणि माशांची पिल्लं

आमच्या जुन्या ग्रुपमधलं कोणीही भेटलं, की पहिला चहा संपायच्या आत गायकवाड मॅडमचा विषय निघतोच. किस्से इतके साचलेत, की आधी कुठला सांगू हाच प्रॉब्लेम!

सत्तरच्या दशकाच्या शेवटी नाशिकच्या गंगापूर रोडवर दोन खोल्यांत आमची लॅब होती. समुद्रात माशांची पिल्लं कुठं जमतात, ते आवाजाच्या मदतीनं शोधायचं, हे मॅडमचं काम. मी यंत्र सांभाळायचो.

*

एकदा मुंबईचे साहेब तपासणीला आले. म्हणाले, “नाशकात बसून समुद्राचा अभ्यास? लोक हसतील!”

मॅडम येवल्याच्या. शांतपणे म्हणाल्या, “सर, मुंबईत द्राक्षं पिकत नाहीत. खाता ना तरी?”

*

यंत्राचं टेस्टिंग धरणात चालायचं. काठावरच्या मळ्यातले आजोबा रोज बघायला यायचे. मी समजावलं, “आवाज पाण्यात सोडायचा. माशांवर आपटून तो परत येतो आणि कागदावर काळं उमटतं.”

“लय भारी! आमच्या घरात हाक मारली तर कायबी परत येत नाय!”

*

कोकणातल्या बंदरावर बोट ठरली. बोटीचा प्रमुख, म्हणजे तांडेल, आडवा आला. “बाईमाणूस बोटीवर चालत नाय!”

मॅडम सरळ चढल्या आणि यंत्राच्या खोक्यावर बसल्या.

“मी चालणार नाहीच, बसणार आहे. सोडा बोट!”

*

खाडीच्या तोंडाशी कागदावर जाड काळा पट्टा उमटला. तांडेल म्हणाला, “गाळ असंल.” मॅडमनी बारीक विणीचं जाळं टाकायला लावलं. वर आली ती बोटभर लांबीची पिल्लं, चमचम करणारी, ढिगानं!

मी उलट्या करून आडवा झालो होतो. मॅडमनी दंडाला धरून उठवलं. “मरायचं नंतर बघा, आधी हे बघा!”

तांडेल पुढं आला. त्यानं स्वतःच्या हातानं पिल्लं परत पाण्यात सोडली.

*

पिल्लं वाढेपर्यंत तिथं मासेमारी बंद ठेवायचा ठराव शेवटी पास झाला, त्या दिवशीची गोष्ट.

हॉल बोटमालकांनी भरलेला. मॅडम एकट्या स्टेजवर, मी मागं नकाशा धरून उभा. एक मोठे मालक उठले. “मशीन खोटं बोलतंय! तिथं एकही पिल्लू नाही. मासाच नाही तिथं!”

सगळा हॉल ओरडला, “नाहीच!”

मॅडमनी ओरडा थांबू दिला. मग माइक जवळ घेतला.

“मासाच नाही ना? मग तिथं जाळी कशाला टाकता?”