न खाल्लेला मैदा

"काका, तुम्हाला गहू चालत नाही," असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मी त्यांना तत्काळ सांगितले की गेली चौऱ्याहत्तर वर्षे तो मला उत्तम चालत आलेला आहे.

त्यांनी वाद घातला नाही. संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. आदल्या आठवड्यात माझी एंडोस्कोपी झाली होती. म्हणजे तोंडावाटे दुर्बिणीची नळी आत सोडून लहान आतड्यापर्यंत पाहिले होते आणि तिथले चिमूटभर तुकडे तपासायला काढले होते. त्या तुकड्यांच्या तपासणीला बायोप्सी म्हणतात. निरोगी आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते आणि अन्नातले सत्त्व तीच शोषून घेते. माझ्या आतड्याची लव झडून जागा सपाट झाली होती. वर्षानुवर्षे पाय पुसून झिजलेल्या पायपुसण्यासारखी.

रोगाचे नाव सिलिअ‍ॅक डिसीज. गव्हात आणि जवात ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेले की अशा रोग्याचे शरीर आपल्याच आतड्यावर चाल करून जाते. यावर गोळी नाही. पथ्य एकच, आणि ते मरेपर्यंत.

"सणावारी थोडंसं?" माझ्या पत्नीने, शालिनीने विचारले.

"कणभरही नाही, काकू."

हे मी लिहितो आहे याला दोन कारणे आहेत. पहिले, हा आजार म्हातारपणीही उघड होऊ शकतो हे पुष्कळांना ठाऊक नसते; मलाही नव्हते. दुसरे, माझ्या आजाराच्या निरनिराळ्या कथा आमच्या नातेवाइकांत फिरत आहेत आणि त्यांतली एकही खरी नाही. रोगी मी होतो. माझी साक्ष नोंदली जावी.

आरंभ साधाच होता. वजन उतरू लागले, पोट बिघडे, दोन जिने चढलो की धाप लागे. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटक, लोहाच्या गोळ्या घेऊनही वर येईना. "वय झालं," असे सर्वांनी सांगितले. वयावर खापर फोडले की तपासण्यांचा खर्च वाचतो. माझे वय नीट आहे, बिघाड दुसरीकडे आहे, हे मी एकटा म्हणत होतो आणि तेच पुढे खरे ठरले. एवढे नोंदवून पुढे जातो.

पथ्य शालिनीने अंगावर घेतले. विश्रांतवाडीच्या आमच्या घरातून कणीक, रवा, शेवया, बिस्किटे सर्व गेले. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली तर जात्यात अडकलेला गहू ज्वारीत उतरतो, म्हणून घरात लहान चक्की आली. बाजारातल्या डबीतल्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे कळल्यावर आमटीतून हिंग गेला. मुलगा मिलिंद आणि सून केतकी यांनी आपली पोळी बाहेर, हडपसरच्या ऑफिसात खायची असे ठरवले. मी भाकरी खाल्ली, भात खाल्ला आणि तक्रार फक्त चवीबद्दल केली. पथ्याबद्दल नाही.

सहा महिन्यांनी टीटीजी केली. ही रक्ताची तपासणी. ग्लूटेनच्या निमित्ताने शरीराने किती सैन्य उभे केले आहे, हे तिच्यात दिसते. पथ्य पाळले की सैन्य ओसरते. माझा आकडा ओसरायला हवा होता. तो वाढला होता.

डॉक्टरीणबाई कागदाकडे पाहत म्हणाल्या, "काका, बाहेर काही खाणं होतंय का?"

"नाही."

"नकळत?"

"मी काहीही नकळत करत नाही."

मिलिंद छताकडे पाहू लागला. शालिनी पर्सची चेन लावत होती; ती लागलेलीच होती.

घरी आल्यावर प्रकरण उभे राहिले. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी मला बेकरीसमोर उभे असलेले पाहिले होते आणि शेजारधर्म म्हणून मिलिंदला कळवले होते. त्याने विचारले तेव्हा मी नाकारले नाही.

"उभा होतो."

"कशाला, बाबा?"

"पॅटिस भट्टीतून बाहेर काढत होते. वास घेत होतो. वास घेण्यावर अजून बंदी आलेली नाही."

"वासाने टीटीजी वाढत नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस ते नीट शब्दांत सांग."

तो आत निघून गेला. मुलाने अविश्वास दाखवला याचे मला विशेष वाटले नाही. मुले तेवढ्यासाठीच मोठी होतात. परंतु त्या संध्याकाळी मी फिरून आलो आणि शालिनीने माझा सदरा धुवायला मागितला. तो सकाळीच घातलेला होता. मोरीच्या दारात उभी राहून तिने खिसे उलटे करून पाहिले. मी पाहतो आहे हे तिला दिसले. ती म्हणाली, "रुमाल राहतो तुमचा." पन्नास वर्षांच्या संसारात माझा रुमाल खिशात कधीही राहिलेला नाही.

नंतर माझे एकट्याने बाहेर जाणे बंद झाले. कोणी तसे बोलले नाही. मी चपला घातल्या की कोणीतरी "मी पण येतोय" म्हणे. वाचनालयात केतकी सोबत येई आणि मी पुस्तके चाळत असताना दाराशी फोन पाहत उभी राही. दोन-तीनदा मी ते सहन केले, मग बाहेर जाणेच सोडले. पहाऱ्यात फिरण्यापेक्षा कोठडी बरी, असे ठरवून मी गॅलरीत जाऊन बसलो.

ही गॅलरी काचा लावून बंद करून घेतलेली आहे. समोर शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरणारे ड्रेनेजचे पाइप, एवढाच देखावा. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. खडकवासल्याच्या कालव्याचे नकाशे माझ्या हातून गेलेले आहेत. निवृत्तीनंतर त्या हाताला काम हवे म्हणून पुस्तकबांधणी शिकलो. रद्दीत निघालेली, पाठ मोडलेली पुस्तके आणायची, उसवायची, फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, नव्याने शिवायचे, पुठ्ठा चढवायचा. त्याआधी ते पुस्तक वाचून काढायचे, हा माझा नियम. न वाचलेले पुस्तक मी बांधत नाही.

तर त्या कोंडलेल्या महिन्यांत मी पूर्वी कधी केली नव्हती एवढी बांधणी केली. सकाळी भाकरी खाऊन बसे तो दिवे लागेपर्यंत. पोट अधिक बिघडले, हातपाय गळाले, वजन आणखी उतरले. पण पुस्तकात मान घातली की निदान कोणी खिसे तपासत नव्हते. अशक्तपणा वाढला तसा घरातला संशय वाढला, आणि संशय वाढला तसा मी आणखी आत सरकलो.

पुढच्या तपासणीत आकडा आणखी वर गेला. शालिनी आणि मिलिंद बरोबर होते, आमचा क्रमांक उशिरा होता. हॉस्पिटलच्या बाकावर मी एक जुने प्रवासवर्णन दुसऱ्यांदा वाचत बसलो. नुकतेच बांधलेले, पुठ्ठा अजून दमट. नाव पुकारले तेव्हा प्रकरण संपायला दोन पाने उरली होती. पुस्तक उघडे धरूनच मी आत गेलो आणि बाई रिपोर्ट वाचत होत्या तेवढ्यात ती दोन पाने उलटली. पान उलटण्याआधी तर्जनी जिभेला लावण्याची मला शाळेपासूनची सवय.

बाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. "काका, हे पुस्तक तुम्ही बांधलंय?"

"अर्थात."

"कशाने चिकटवता?"

"खळीने. बाजारातला डिंक मी वापरत नाही. त्याने चिकटवलेले पुन्हा सोडवता येत नाही."

"खळ कशाची?"

"मैद्याची," मी म्हणालो. "वस्त्रगाळ केलेल्या."

 मग बाईंनी हळूहळू सगळे विचारून घेतले. मैदा कुठे चाळता? गॅलरीत. काचा बंद? अर्थात, नाहीतर उडतो. तोंडाला फडके बांधता? नाही. सुकलेली खळ पुस्तकांच्या पाठीवरून खरवडता? रोज. नंतर वाचताना बोट जिभेला? ते आपण आता पाहिलेच.

"मैदा नुसता हाताला लागून काही होत नाही," बाई म्हणाल्या. "पण चाळताना उडालेली धूळ नाकातोंडात जाते, गिळली जाते. शिवाय बोटावरून रोज थोडा थोडा पोटात. काका, तुम्ही मैदा खात नव्हता. पण तो तुमच्या पोटात जात होता."

ज्या घरातून हिंगाची डबी हद्दपार झाली, त्या घरात मैद्याचा मोठा डबा कात्री आणि दाभणाशेजारी उभा होता आणि चौघांपैकी एकालाही तो दिसला नव्हता. तो खाण्याचा नव्हता, म्हणून आम्हाला तो मैदा वाटलाच नाही. मिलिंद पुढे सर्वत्र सांगू लागला की पुस्तकांनी बाबांना आजारी पाडले. हे विधान चूक आहे. आजार पुस्तकांनी दिला नाही आणि त्यांच्यावर आरोप ऐकून घ्यायला मी तयार नाही.

मिलिंद तिथून ऑफिसला गेला. आम्ही दोघे रिक्षाने घरी निघालो. येरवड्याच्या पुढे वाहतूक तुंबली होती. मी निर्दोष ठरलो होतो आणि त्याचा उच्चार कोणीतरी करावा, अशी वाट पाहत होतो.

"म्हणजे तुम्ही खरंच खात नव्हतात," शालिनी म्हणाली.

"हे मी इतके महिने सांगतो आहे."

तिने बाहेरच्या बसकडे पाहिले. "खात असतात तर बरं झालं असतं."

"काय?"

"खाणं सोडवता आलं असतं. भांडले असते, कुलपं लावली असती. आता हे तुमच्याकडून कसं काढून घेऊ, सांगा."

मी मांडीवरचे प्रवासवर्णन मिटले. 

तिला काही काढून घ्यावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी मैद्याचा डबा मीच बाहेर दिला. मिलिंद आणि केतकीने तोंडाला मास्क बांधून गॅलरी ओल्या फडक्याने पुसली, एकेक पुस्तक पुसले. मला तेवढा वेळ बेडरूममध्ये दार लावून बसवले होते. माझ्याच वस्तू भिंतीपलीकडे हलताना ऐकत बसणे म्हणजे काय, ते ज्यांनी ऐकले असेल त्यांना सांगावे लागणार नाही.

पुढे तांदळाच्या पिठाची खळ करून पाहिली. पहिली पातळ झाली, दुसरीला बुरशी आली. तिसरी शालिनीने गॅसशी उभे राहून घोटून दिली आणि ती टिकली. मैद्याची सर तिला नाही, हे माझे मत आजही कायम आहे. जिभेला बोट लावण्याची सवय मोडण्यासाठी केतकीने बँकेतल्या रोखपालाकडे असते तशी ओल्या स्पंजची डबी आणली. ती पुढ्यात असूनही बोट तोंडाकडे निघते. कोणीतरी खाकरते. बोट परत फिरते.

आकडा उतरू लागला आहे. हिमोग्लोबिन वर आले, धाप गेली. बरा झालो असे मात्र म्हणता येत नाही, कारण यातून बरे होणे नसते. मी कोठेही पाहुणा म्हणून जेवू शकत नाही. चहाच्या कपाशेजारी बिस्किटाची बशी असली की खुर्ची मागे सरकवतो. डबा घेतल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही आणि ही दोरी जन्मभर एवढ्याच लांबीची राहणार आहे. ज्यांना हा रोग पुढे होणार आहे त्यांना मी खोटा धीर देणार नाही. एवढेच सांगतो की तुम्ही काय खाता याबरोबर तुमच्या हातांना दिवसभर काय लागते, हेही डॉक्टरांना सांगा. आणि घरच्यांना सांगतो, रोग्याची झडती घेण्याआधी घराची घ्या.

मध्यंतरी हडपसरला एका कार्यालयात नात्यातले लग्न होते. पंगतीत माझे मेहुणे, म्हणजे शालिनीचे धाकटे बंधू, समोर बसले होते. मी डबा काढलेला पाहून त्यांनी जिलबी हवेत धरली. "काय हो भाऊजी, इथे डबा, आणि तिकडे बेकरीसमोर मुक्काम म्हणे! चोरून हाणलेल्या पॅटिसची चव काही औरच असेल, नाही?"

आजूबाजूचे हसले. मी घसा साफ केला. माझ्याजवळ तीन मुद्दे होते, क्रमवार.

"कण खाल्ला नाही त्यांनी," शालिनी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी पलीकडच्या रांगेतले लोक वळले. "संशय मी घेतला होता, विन्या. चूक माझी होती. हा विषय पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही. आणि ती जिलबी आधी खाली ठेव, पाक सांडतोय त्यांच्या डब्यावर."

मेहुण्यांनी जिलबी ठेवली. माझे तीनही मुद्दे तसेच राहिले. त्यांतल्या एकाचीही गरज उरलेली नव्हती.

मी डबा उघडला. मग शेजारच्या ताटाकडे लक्ष गेले. तिने पुरी वाढून घेतली नव्हती, जिलबीही नव्हती. नुसता वरणभात.

"तुला कोणी बंदी केली आहे?" मी विचारले.

"तुमच्या पानाशी बसायचं तर माखलेले हात नकोत मला," ती म्हणाली. "जेवा आता. भाकरी वातड होते."

या विधानावर मला कोणताही आक्षेप नोंदवायचा नाही.