अंगात स्वेटर, पोटात काही नाही

"खायला घालत नाही का हो यांना?"

धुळ्यात हा प्रश्न मला पहिल्यांदा दूधवाल्याने विचारला. जळगावात आल्यावर भाजीवालीने, खालच्या मजल्यावरच्या आबांनी, एकदा तर सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षातल्या बाईंनीही विचारला. माझी आई तिकडे कुडाळजवळच्या आमच्या गावात. तिला व्हिडिओ कॉलवर दोघी दाखवल्या, तर म्हणाली, "गो, तुका जमणा नाय तर दी कोणाक तरी. हाडां दिसतत त्येंची!"

आमच्याकडे दोन कुत्र्या आहेत, इटालियन ग्रेहाउंड जातीच्या. एक थोरली, राखाडी. दुसरी धाकटी, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाची. पाय हरणासारखे, मान बगळ्यासारखी, पोट पाठीला लागल्यासारखं आत गेलेलं. ही जातच अशी. नीट खाऊनपिऊन धडधाकट असली तरी शेवटच्या दोनतीन बरगड्या दिसतात, आणि दिसायलाच हव्यात. पण हे रस्त्यावर उभं राहून किती जणांना सांगणार? मी आपली "खातात हो, खातात" म्हणत पुढे सटकायची. धुळ्याचा दूधवाला तर रोज त्यांच्याकडे बघून म्हणायचा, "ताई, हाई कुत्रं शे का हरीन शे?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत पुढच्या दाराशी जायचा.

या दोघी मी विकत घेतलेल्या नाहीत. आमच्यासारख्यांच्या घरात अशी कुत्री कुठून येणार? माझी शाळा सातवीत सुटली. लग्न झालं आणि ह्यांच्या नोकरीमागे मी कोकणातून थेट धुळ्याला आले. ह्यांना पाइपच्या कारखान्यात मशीनवर काम मिळालं होतं. आम्ही राहायचो ती वरची खोली एका काकूंची. काकूंच्या मुलाने पुण्याहून ही दोन पिल्लं हौसेने आणली आणि वर्षभरात तो परदेशी गेला. पिल्लं काकूंच्या गळ्यात पडली, आणि काकूंचे गुडघे दुखत म्हणून फिरवायला माझ्या.

खरं सांगते, त्या दिवसांत मला बोलायला कुणी नव्हतं. लोकांची बोली कळायची नाही, ऊन सोसायचं नाही, आणि मासळी बाजारात गेले तर डोळ्यांत पाणी यायचं, ते वासाने नव्हे. काकूंनी मला हाताला धरून शिकवलं. यांना उडी मारू द्यायची नाही, पायांची हाडं पेन्सिलीएवढी असतात. कांदालसूण घालायचा नाही. गार वाऱ्यात अंगावर काही तरी हवंच. आणि मोकळ्या जागी दोरी कधीही सोडायची नाही, कारण नजरेसमोर काही पळालं की यांचे कान बंद होतात. पुढे आमची बदली जळगावच्या कारखान्यात झाली आणि त्याच सुमारास काकूही मुलाकडे निघाल्या. तेव्हा त्यांनी दोघींच्या दोऱ्या माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, "तुझ्याएवढी काळजी करणारं माणूस मला दुसरं माहीत नाही." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घाबरटपणाचं कुणी तरी कौतुक केलं.

त्या दोघींनी घराचा ताबा कसा घेतला, ते सांगण्यात अर्थ नाही, ज्यांच्याकडे अशा आहेत त्यांना ठाऊकच असेल. रात्री आम्ही दोघं एका कडेला आणि त्या मधोमध. गोधडीखाली नाकाने वाट काढत शिरतात आणि ह्यांच्या पोटऱ्यांशी वेटोळं घालून झोपतात. सकाळी गोधडी उचलली की चार डोळे असे बघतात, की आपणच त्यांच्या घरात न विचारता घुसलोय. पाऊस अजिबात चालत नाही. दारात ओल दिसली की एक पाय उचलून उभ्या राहतात आणि माझ्याकडे बघतात, जसं काही पाऊस मीच पाडलाय. उन्हाची मात्र हौस! जळगावच्या ज्या उन्हात माणसं तोंडाला फडकं बांधून फिरतात, त्या उन्हात गच्चीच्या तापलेल्या फरशीवर आडव्या. मी ओढून आत आणते, त्या दुसऱ्या दाराने बाहेर. हिवाळ्यात उलटं. थंडी पडली की दातांवर दात वाजतात. म्हणून माझ्या जुन्या स्वेटरांच्या बाह्या कापून मी दोघींना अंगरखे शिवले. थोरलीला निळा, धाकटीला लाल.

तो लाल स्वेटरच पुढे मला महागात पडला.

ह्यांच्या कारखान्यातला एक मित्र असोद्याचा. हिवाळ्यात तिकडे वांगी निघाली की मळ्यात भरीत-पार्टी होते. त्याने आम्हाला बोलावलं आणि वर सांगितलं, "वहिनी, पोरींनाबी आणा. मोकळ्या हवेत फिरतील." आम्ही गेलो. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, त्यात भाजणारी हिरवी वांगी, बाजूला दोन बाप्ये लाकडी बडगीत वांगी ठेचतायत, मिरची-लसणाचा ठसका सगळ्या मळ्यात पसरलेला. मी दोघींना घेऊन जाळापासून लांब, केळीच्या बागेकडे बसले. दोऱ्या मनगटाला गुंडाळलेल्या.

बांधावरून एक ससा उठला.

धाकटीने आधी पुढे झेप घेतली, मग मी ओढल्यावर एकदम मागे हिसका दिला. या जातीचं डोकं मानेपेक्षा बारीक, त्यामुळे पट्टा कानांवरून सुळकन निघाला. माझ्या हातात रिकामी दोरी, आणि समोर केळीच्या रांगांमधून एक लाल ठिपका चाललाय, चाललाय, आणि दिसेनासा झाला.

मी ओरडले, रडले, परत ओरडले. सगळी पार्टी उठली. कुणी विहिरीकडे धावलं, कुणी रस्त्याकडे, कुणी मोटारसायकल काढली. माझ्या डोळ्यांसमोर काय काय येत होतं! मोडलेला पाय, गावातली दांडगी कुत्री, ट्रकखालचा लाल स्वेटर. ह्यांनी थोरलीला शर्टात घेतलं होतं, ती थरथरत बहिणीच्या वाटेकडे बघत होती. केळीच्या बागेत सगळ्या रांगा सारख्या दिसतात. मी कुठून आत शिरले आणि कुठून बाहेर आले तेच कळेना. काकूंना आता काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात घुमत होतं.

उन्हं कलायला लागल्यावर मित्र मोटारसायकलवर हसत परत आला. "वहिनी, सापडली! पण एक गडबड आहे."

"पाय मोडला?"

"पाय ठणठणीत आहे. अक्का देत नाही म्हणते."

बागेच्या पलीकडे एक मळा होता आणि मळ्यात एक पत्र्याचं घर. ओट्यावर साठीच्या पुढची एक बाई बसली होती, कपाळावर ठसठशीत कुंकू, नजर सरळ. तिच्या मांडीवर गोधडी, आणि गोधडीतून बाहेर आलेलं एक लांब नाक. मला बघून नाक हललं, पण उठलं नाही. पोट भरलं होतं ना! शेजारी दुधाचं ताट चाटूनपुसून लख्ख केलेलं.

मी धावत पुढे झाले, तर अक्कांनी हात आडवा केला.

"ही तुही?"

"हो अक्का. तुमचे फार उपकार झाले. मी..."

"मंग हिले खायाले काहून देत नाही?"

"देते हो! दोन वेळा..."

"हे पाह्य." त्यांनी धाकटीच्या कुशीवरून बोट फिरवलं. "एकेक बरगडी हाताले लागते. अंगात स्वेटर, अन् पोटात काही नाही! लोकाईले दाखवाले नटवतं, अन् घरात उपाशी ठेवतं. सासू असावी तं अशी!"

ह्यांचा मित्र मध्ये पडला. "अक्का, पाहुणे हायेत माह्ये."

"पाहुणे हायेत तं जेवू घाल त्याईले. पोर नाही भेटत."

मी सांगितलं की ही जातच अशी असते. डॉक्टरांनीही सांगितलंय, लठ्ठ झाली तर पाय मोडतील. अक्का म्हणाल्या, "डाक्टरले काय कयतं? डाक्टर जेवू घालतो काय?" मग माझ्या डोक्यात आलं, थोरली दाखवू, म्हणजे जात पटेल. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी शर्टाची बटणं सोडून थोरलीला ओट्यावर उभं केलं. निळा स्वेटर, काटकुळे पाय, आत गेलेलं पोट.

अक्कांनी कपाळावर हात मारला. "माय वं! दोन-दोन उपाशी!"

आता थोरलीही गोधडीत गेली. मी आले होते एक परत न्यायला, आणि हातातली दुसरीही गेली. ह्यांना हसू आवरेना, मला रडू. मी ओट्याच्या पायरीवर बसले आणि खरोखरच हुंदके देऊन रडले. कोकणातून इतक्या लांब येऊन, भाषा नाही, शिक्षण नाही, आणि आता या दोघी उपाशी नाहीत हे एका अनोळखी बाईला कसं पटवू?

अक्कांनी मला विचारलं, "तू जेवली का?"

मी मान हलवली. भरीत तसंच राहिलं होतं.

"मंग आधी जेव. भांडन नंतर."

आतून त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली. मी पहिला तुकडा मोडला आणि सवयीने चटणी न लावता दोघींसाठी बाजूला काढून फुंकर घालत राहिले. रोजचंच आहे ते, माझ्या लक्षातही आलं नाही. वास येताच गोधडी हलली. दोघी उतरून माझ्याकडे आल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोघींनी आपापली हनुवटी माझ्या मांडीवर ठेवली. मी तुकडा पुढे केला. थोरलीने हुंगला. धाकटीने हुंगला. आणि दोघींनी नाक मुरडून मान फिरवली.

भाकरीला तूप नव्हतं.

अक्का पुढे वाकल्या. त्यांनी स्वतः एक तुकडा मोडून दोघींपुढे धरला. पुन्हा तेच. थोरलीने तर वर एक लांब सुस्कारा टाकला.

"दूध कसं बठ्ठं पेली मंग?" अक्कांनी धाकटीला विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, म्या ढोरं वाढोली, पोरं वाढोली. उपाशी जीव असा नखरा करत नाही. ह्या उपाशी नाहीत, ह्या लाडावलेल्या हायेत! माह्या धाकट्या सुनेवाणी!"

आतून एका तरण्या बाईचा आवाज आला, "ऐकू येऊ राह्यलं हं, आत्याबाई!"

सगळेच हसलो. अक्कांनी उठून भाकरीवर तूप सोडलं, दोघींनी ती मिटक्या मारत खाल्ली, आणि माझ्या नावावरचा गुन्हा निम्मा तरी पुसला गेला. निम्माच, कारण दोऱ्या माझ्या हातात देताना अक्कांनी अट घातली. "आखाजीले माहेरी आनायची यायले. मी पाह्यीन कशा ठेवल्या त्या. वायल्या दिसल्या तं परत नाही धाडनार."

वायल्या म्हणजे वाळलेल्या, आणि आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात त्या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात. जळगावात आमच्या गल्लीतल्या बायका त्या आठवड्यात बॅगा भरून गेल्या की गल्ली ओस पडते. मी दरवर्षी गॅलरीत उभी राहून त्यांना हात करायची. माझं माहेर काही एका दिवसात जाऊन यायचं नव्हे.

मला वाटलं, अक्का बोलल्या आणि विसरल्या. पण आखाजीच्या आदल्या आठवड्यात मित्राबरोबर निरोप आला: पोरी कधी येतात?

ऊन चढायच्या आत पोचावं म्हणून आम्ही भल्या सकाळी रिक्षाने निघालो. मी दोघींना आठवडाभर पोटभर घातलं होतं, तूपही घातलं होतं, पण ही जात काही केल्या भरत नाही. नाही पसंत पडल्या तर? ह्यांनी मला चिडवलं, "घाबरू नको. ठेवून घेतलंच तर तुलाही ठेवा म्हणेन."

ओट्यावर अक्का उभ्याच होत्या. निंबाला झोका बांधलेला. त्यांनी आधी थोरलीच्या बरगड्या चाचपल्या, मग धाकटीच्या, जसं बाजारात वांगं दाबून बघावं तसं. मग त्यांनी माझा दंड धरला आणि तोही तसाच दाबून बघितला.

"सूनबाई," त्यांनी आत हाक मारली, "सांजोऱ्या आन वं. तिघी लेकी आल्या, अन् तिघीबी वायल्या."

दोघी कुत्र्या केव्हाच आतल्या गोधडीत शिरल्या होत्या. मी चपला काढल्या आणि त्यांच्या मागून आत गेले.