भोंग्याची पट्टी

आमच्या ह्यांना चर्चमध्ये सगळे 'भोंगा' म्हणतात. तोंडावर नाही हो, पाठीमागे. पण ह्यांना ठाऊक आहे आणि मनातून ते खूशच असतात. धंदा नळदुरुस्तीचा. आठवडाभर लोकांच्या मोऱ्यांत पालथं पडून पाने फिरवायचे आणि रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून पुढे उभं राहायचं, गीतं सुरू करायची, अख्ख्या मंडळीला गाण्यात ओढून न्यायचं. बावीस वर्षं हेच चाललंय.

यंदा ह्यांचा घसा बसला. डॉक्टरांनी दीड महिना गाणं बंद केलं. त्यानंतर आवाज परतला तो जाडाभरडा, वर काही चढेचना. ह्यांनी हायच खाल्ली. ताटात अर्धं जेवण तसंच, कामात लक्ष नाही. मला आधी रागच आला. गळा गेला, हातपाय तर शाबूत आहेत ना? मग एका सकाळी चहाचा कप तसाच ठेवून म्हणाले, "आवाजच नाही, तर मी तिथे उभा कशाला राहू?" तेव्हा मात्र माझा राग पार गेला. पाळकांना निरोप गेला की येता रविवार शेवटचा, पुढे दुसरं कुणी बघा.

शनिवारी दुपारी हे एकटेच चर्चमध्ये जाऊन बसले. कीबोर्डला पट्टी बदलायचं बटण असतं, ते दाबत दाबत पट्टी चार सूर खाली आणली, आपला आवाज कुठवर पोहोचतो ते बघितलं, आणि बटण पूर्ववत न करताच घरी आले. आमचा कीबोर्ड असा हट्टी, की बंद करून चालू केला तरी लावलेली पट्टी सोडत नाही. बावीस वर्षांत अशी चूक ह्यांच्या हातून झाली नव्हती.

रविवारी नेहमीप्रमाणे पाववाल्याची बायको वाजवायला बसली. बोटं नेहमीच्याच जागी, सूर मात्र निघाला तळातून. ह्यांनी तिच्याकडे डोळे वटारले. ती बिचारी आपल्या बोटांकडे बघतेय. पण सुरू झालेलं गीत मध्येच थांबवायचं कसं? ह्यांनी पहिली ओळ म्हटली आणि मंडळीने ती घेतली.

घेतली म्हणजे काय, उचलूनच धरली! मागच्या बाकावरचे सुतारमामा, ज्यांना आजवर गाताना कुणी पाहिलं नव्हतं, ते पार पोटातून गात होते. शाळेतल्या बाई गात होत्या, बाईंचा अबोल नवरा गात होता. आणि मीही गात होते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी ह्यांना म्हटलं होतं, पट्टी जरा खाली घ्या, आम्हाला पोहोचत नाही. तर उत्तर मिळालं, देवाचं गाणं वर जायला नको का? पालथ्या घड्यावर पाणी. मग मीही नाद सोडला.

दुसऱ्या कडव्याला हे गायचे थांबले. नुसते ऐकत उभे राहिले, डोळे भरलेले. मला वाटलं, झालं, आता माणूस पुरता खचणार.

उपासना संपल्यावर हे तडक सुतारमामांकडे गेले आणि इतकी वर्षं का गायला नाहीत म्हणून विचारलं. मामा लाजले. म्हणाले, "तुमच्याएवढं वर जमत नव्हतं. उगाच बिघडवायचं कशाला?"

मग हे माझ्याकडे वळले. "तू पण?"

"मी पण. बावीस वर्षं नुसते ओठ हलवतेय."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण हे हसायला लागले. त्या फाटक्या घशाने खोकत, डोळे पुसत हसत सुटले. तेवढ्यात पाळक आले आणि पुढच्या रविवारी कुणाला सांगू म्हणून विचारू लागले. हे म्हणाले, मीच आहे की, दुसरं कोण?

मग माझा हात धरून मला कीबोर्डपाशी नेलं. सगळी मंडळी बघत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांनी त्या पट्टीच्या बटणावर बोट ठेवलं.

"तू गा," म्हणाले. "तुला जमेल तिथे मी थांबतो."

मला रडूच फुटलं. पण गायले.