टांगलेली नाव

रात्री पाण्यावर निजलेला सर्जेराव सकाळी पत्र्याच्या भिंतीला चिकटलेला उठला. वरून त्याची बायको गिरिजाबाई घसरत आलेली, तिच्यामागं तुरीचा डबा. डाळ खोलीभर. बुद्धाची तसबीर तेवढी खिळ्यावरून सरळ लोंबत होती. बाकी सगळं घर कलंडलं होतं.

बंधाऱ्याचं पाणी रातोरात खाली सोडलं होतं. नदी उतरली, पण नावेची काठाकडची बाजू साखळीनं वरच धरून ठेवली.

साखळी त्याचीच करणी. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात त्याची उभी हयात वेल्डिंग करण्यात गेली. गाठ त्याला कच्ची वाटे, नट-बोल्ट त्याहून कच्चे. निळ्या पिंपांवर सांगाडा ठोकून त्यानं ही खोली उभी केली, अन् वडीगोद्रीच्या पुढं, गोदावरीच्या फुगवट्यात आणून सोडली. साखळीचं एक टोक नावेला, दुसरं काठावर गाडलेल्या रुळाला. जनरेटर आणून दोन्हीकडं वेल्डिंग. पाणी खालीवर होतं, हे कारखान्यातल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

"मामा, नाव सुकायला टांगली का?" काठावरून हरिओम ओरडला. तो जाळं टाकायला निघाला होता.

"तू तुझे मासे बघ!"

"मासे पाण्यात हाईत, मामा. तुमीच वर राह्यले."

सर्जेराव चिडून बाहेर आला, तो गुडघाभर चिखलात. आजच हे व्हायचं होतं. जालन्यातल्या दोन खोल्यांत मुलगा प्रितम, त्याची बायको, त्यांचा टीव्ही. सर्जेराव-गिरिजाबाईचं अंथरूण स्वयंपाकघरात. सून पाणी प्यायला आली की दोघांनी पाय आखडून घ्यायचे. ते कायमचं सोडून बारा महिने पाण्यावरच राहायचं, असं त्याचं ठरलेलं. गिरिजाबाई म्हणाली होती, हिवाळाभर राहून बघते, मंग सांगते. आज प्रितम टेम्पो घेऊन येणार होता. ती हो म्हणाली तर उरलेलं सामान येणार. न्हाई म्हणाली तर तीच टेम्पोत बसणार.

आणि हिवाळाभर ती गाढ झोपली होती, हे त्यानं रोज पाहिलं होतं. एका रात्रीनं त्यावर पाणी फिरवलं. पाणी काढून नेऊन.

तो करवतीचं पातं घेऊन साखळी कापायला बसला. लोखंड त्याच्याच जातीचं, हटेना. हाताला फोड आला. "इतकं पक्कं कशाला केलं, येड्या," तो स्वतःलाच म्हणाला.

गिरिजाबाई काठावर सुपात डाळ निवडत होती. खडे, चिखल बाजूला सारत म्हणाली, "पाणी हाय तवर हितं. पाणी उतरलं, पूर आला, की जालना."

"म्हंजे ना घर, ना नाव? अशी अर्धी जिनगानी कोणी जगतं का?"

"अख्खी करून बघितली की तुमी. टांगली."

"मंग त्या स्वयंपाकघरात पाय आखडायचे पुन्हा?"

"आखडायचे. पुन्हा लांब करायला हितं यायचं."

त्याला एकच उत्तर हवं होतं, हो नाहीतर नाही, वितळून जोडलेलं. हे असलं कुठं बसवायचं?

कडी तुटली. जाळं ठेवून हरिओमनंही खांदा लावला अन् नाव चिखलावरून घसरत उरलेल्या पाण्यात गेली. सर्जेरावानं दोर घेतला, रुळाला गुंडाळला, पुन्हा गुंडाळला. दोर सुटला. तिसऱ्यांदा सुटला तेव्हा त्यानं तो आपटला.

गिरिजाबाई उठली. बैलाला बांधावी तशी गाठ तिनं मारली, मधे ढील सोडून. त्यानं दोन्ही हातांनी हिसका दिला. गाठ हलली नाही. मग तिनं मोकळं टोक दोन बोटांनी ओढलं, अन् सगळं सुटलं.

वर रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"बांध पुन्हा," सर्जेराव तिरसटपणे म्हणाला. "हळू बांध. बघू दे."