अक्कांची उभी रेघ

“आधी दाखव, मग बदल,” असं म्हणत अक्का खुर्ची ओढून शेजारी यायच्या आणि समोरच्याचा हात एन्टरच्या बटणावरून अलगद बाजूला करायच्या.

बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं बनतात. त्यांच्या चाचण्यांचे अहवाल सांभाळणारा संगणक विभाग अक्कांकडे होता. त्यांचं कित्येक पिढ्यांचं बेंगळुरूतलं घर. कामावर कन्नड, मराठी फक्त घरात. मी पुण्याहून आलो आणि ती मराठी माझ्याही वाट्याला आली.

पहिल्याच आठवड्यात मी एका स्क्रिप्टमधला, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांच्या यादीतला, फाइलचा पत्ता बदलत होतो. ‘हे शोध, ते घाल’ अशी ती आज्ञा. तिचे भाग तिरक्या रेघेने तुटतात आणि पत्त्यातही तिरक्याच रेघा. आज्ञेची गफलत होऊ नये म्हणून पत्त्यातल्या प्रत्येक रेघेआधी मी आणखी एक उलटी रेघ घालत बसलो होतो.

“कुंपणच घातलंस की रे,” अक्का हसल्या. “स्वल्प सरक. आज्ञेचे भाग तोडायला तिरकीऐवजी उभी रेघ घाल. तिला चालतं.”

खरंच चाललं.

पुढे अहवाल नव्या सर्व्हरवर हलवले. शेकडो स्क्रिप्टमधला जुना पत्ता एका आज्ञेत बदलायचा होता. साहेब येऊन उभे राहिले. “लाइन थांबलीय. चालवून टाका.”

“काय काय बदलतंय ते बघते,” अक्का म्हणाल्या. फाइलींना हात न लावता त्यांनी सगळे बदल नुसते पडद्यावर आणले आणि ओळ न् ओळ वाचू लागल्या.

“उशीर झाला तर वर तुमचं नाव सांगेन.”

“सांगा.”

अर्ध्यावर त्यांचं बोट थांबलं. ‘टेस्ट’ शोधताना आज्ञेने ‘टेस्टजुने’ हा फोल्डरही धरला होता. विकून गेलेल्या यंत्रांचे अहवाल त्यात होते आणि तो जुन्याच जागी राहणार होता. आज्ञा तशीच चालली असती, तर एकाही स्क्रिप्टला ते सापडले नसते. अक्कांनी ‘टेस्ट’च्या शेवटी एक तिरकी रेघ जोडली, म्हणजे नाव तिथेच संपलं. सगळं पुन्हा वाचून मगच एन्टर दाबलं.

काही दिवसांनी एका इस्पितळातून नर्सचा फोन आला. यंत्रावरच्या तापमानाची तिला शंका येत होती आणि आत बाळ होतं. त्या यंत्राचा ‘टेस्टजुने’मधला अहवाल लगेच उघडला. अक्कांनी आकडे ताडून पाहिले आणि बाळाला दुसऱ्या यंत्रात हलवायला सांगितलं. संध्याकाळी बाळ ठीक असल्याचा निरोप आला. त्यानंतर साहेब कुठल्याही बदलाआधी विचारायचे, “अक्कांनी बघितलंय का?” ते ऐकून माझीच मान ताठ व्हायची.

निवृत्तीच्या दिवशी अक्का कन्नडमध्ये बोलल्या. सगळे हसले, मग काहींनी डोळे पुसले. मला निम्मंच कळलं. बसमध्ये चढता चढता त्या माझ्याकडे वळल्या.

“समजलं का रे?”

“सरी, अक्का,” मी कन्नडमध्येच ‘हो’ म्हणालो.

त्या खिडकीशी बसल्या. बस होसूर रोडच्या गर्दीत शिरली, आणि भाषणात त्या काय बोलल्या ते मी शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला विचारू लागलो.