तिला फुगा, मला टाके
स्पिरिटचा वास आला की मला नागपूरच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. माझ्या आणि दिघोरीच्या एका बाईच्या फुप्फुसांत रक्ताच्या जुन्या गुठळ्या होत्या, आणि लाखांदूरहून आम्ही दोघी एकाच एसटीनं धापा टाकत, निळ्या पडलेल्या ओठांनी तपासणीला यायचो. तिच्या गुठळ्या बारीक रक्तवाहिन्यांत होत्या, म्हणून डॉक्टरांनी जांघेतून नळी घालून इवल्याशा फुग्यानं त्या वाटा मोकळ्या केल्या. माझ्या मोठ्या रक्तवाहिनीत, म्हणून मला छाती उघडायचं ऑपरेशन सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी ती जिना चढून वॉर्डात मला भेटायला आली. "ताई, आता तलावाच्या पारीवर चढताना दम नाही लागत मले," ती हसत म्हणाली. माझा नुसता जळफळाट झाला. "पण तुमचे ओठ तं अजून निळेच दिसून राहिले," मी धडधडीत खोटं बोलले. "खरंच?" म्हणत तिनं ओठांवर बोट फिरवलं आणि कठडा धरून हळूहळू खाली गेली. पुढं माझंही ऑपरेशन नीट झालं, आता मी धानाच्या रोवणीला जाते. ती मात्र एसटीत भेटली की अजूनही आरसा काढून ओठ बघते, आणि मी खिडकीबाहेर बघत बसते.